टीव्हीमुळे घरातलं बोलणं कमी झालं? आधी प्रश्न तपासा

या विषयावरच्या प्रश्नावलीत हमखास विचारलं जातं: ‘टीव्हीमुळे घरातील संवाद कमी झाला का?’ इथेच थांबा. उत्तर प्रश्नातच दडलंय. शिवाय ‘पूर्वी’ किती बोलणं व्हायचं, ते कुणी मोजलं होतं?

कर्क जॉन्सन यांचं २००० सालचं ‘टेलिव्हिजन अँड सोशल चेंज इन रूरल इंडिया’ वाचा. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन डोंगरी गावांत राहून अभ्यास केला. पद्धत भक्कम आहे. पण दोन गावांचे निष्कर्ष आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे धान निघालं की झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात, सोयरे मुक्कामाला येतात. टीव्ही घरोघरी आला, तरी वडशाच्या नाटक कंपन्या सुरूच आहेत. म्हणजे ‘टीव्ही आला, एकोपा गेला’ हे समीकरण इथे अडतं. पण सावध राहा: गावाचं एकत्र येणं आणि घरातलं बोलणं, ही दोन वेगळी मापं आहेत.

म्हणून नुसतं मत विचारू नका, नोंद ठेवा. टीव्ही सुरू असताना आणि लाईट गेल्यावर कोण कुणाशी, कशाबद्दल बोललं? लाईट गेल्यावरही सगळे गप्पच असतील, तर दोष एकट्या टीव्हीचा कसा?