पडद्याच्या मागून

माझ्या वडिलांनी आयुष्यातला पहिला सिनेमा पडद्याच्या मागून पाहिला. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता आणि आमच्या वस्तीतली माणसे पडद्याच्या पाठीमागे बसली होती. अक्षरे उलटी दिसत. वडिलांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही.

घरातला पहिला पदवीधर म्हणून मी आज तिकीट काढून पडद्यासमोर बसतो. अलीकडेच एका महोत्सवात दिवसभर एकट्याने तीन चित्रपट पाहिले : 'अछूत कन्या' (१९३६), 'सुजाता' (१९५९) आणि २०१४ साली प्रदर्शित झालेला 'फँड्री'. एकटा गेलो तो मुद्दाम. सहकारी प्राध्यापक बरोबर असले की ते डोळे पुसतात तिथे आपणही गंभीर होतो आणि बाहेर चहा पिताना 'चित्रपट पुरोगामी आहे' असे म्हणून मोकळे होतो.

'अछूत कन्या'त रेल्वे फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांचे प्रेम आहे. शेवटी कस्तुरी गाडीखाली मरते. ती मेल्यामुळे प्रश्नही सुटल्यासारखा होतो आणि प्रेक्षकाला निर्धास्तपणे रडता येते. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेतले बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण होऊ शकले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. पडद्यावरच्या अस्पृश्य मुलीसाठी रडणाऱ्या समाजाला अस्पृश्याचा युक्तिवाद मात्र ऐकवत नव्हता.

'सुजाता'तली नायिका मरत नाही, रक्त देते. ज्या घरात ती वाढली त्या घरच्या आईचा जीव तिच्या रक्ताने वाचतो आणि मग ती 'मुलगी' ठरते. बिमल रॉय यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, नूतनच्या अभिनयाविषयी तर नाहीच. पण माणूस असल्याचा पुरावा दर वेळी आपणच का द्यायचा? गौतमाला खीर देणाऱ्या सुजातेचे नाव या मुलीला मिळाले आहे. तरीही जीव द्यायला निघालेल्या तिला परत फिरवतात ते गांधीजींचे शब्द. नागपूरची धम्मदीक्षा होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. चित्रपटात तिची चाहूलही नाही.

दोन्ही चित्रपट प्रेक्षकाला क्षमा करणाऱ्याच्या, दया दाखवणाऱ्याच्या जागेवर बसवतात. ती जागा 'फँड्री'ने काढून घेतली. नागराज मंजुळे यांचा जब्या कैकाडी कुटुंबातला. बाप, आई, बहिणींसह तो गावासमोर डुक्कर धरतो आणि गाव हसते. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, कुटुंब ताठ उभे राहते, डुक्कर निसटते. नंतर मेलेले डुक्कर ज्या भिंतीवरून वाहून नेले जाते तिच्यावर बाबासाहेबांचे चित्र आहे.

त्या पळापळीला सभागृहही हसले. आणि हे लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मीही हसलो. एकटा होतो म्हणूनच माझे हसू मला ऐकू आले. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ पडद्याबाहेर, आपल्या अंगावर. तो चुकवायला मला जागा नव्हती. नोकरी, पगार, 'सर' ही हाक यांनी मला त्या हसणाऱ्या गावात केव्हा नेऊन बसवले?

'फँड्री'लाही प्रश्न विचारलेच पाहिजेत. शालू जब्याच्या स्वप्नापुरतीच आहे, तिला स्वतःचे मन जवळजवळ नाही. आपला दिग्दर्शक म्हणून आपण हे सोडून देऊ नये.

आपल्या समीक्षेने लेखकाच्या कळवळ्याचे मोजमाप पुष्कळ केले. चित्रपट आपल्याला कोणाच्या शेजारी बसवतो, हे आता विचारायला हवे. हे तीनही चित्रपट वस्तीत, वसतिगृहात एकाच दिवशी दाखवावेत आणि नंतर बोलावे. वडिलांना पडद्यामागून अक्षरे उलटी दिसली, पण आपण कुठे बसलो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते. शिकलेल्या आपण तेवढे तरी विसरू नये.