चित्रओळीतले हसू : फोर्ट विल्यमच्या एका छायाचित्रानिमित्त

प्रवासात टिपलेल्या निसर्गदृश्याखाली विनोदी चित्रओळ लिहिण्याची प्रथा वरवर निरुपद्रवी वाटते. ती समीक्षेचा विषय का व्हावी, हे येथे एका स्वानुभवाच्या आधारे पाहावयाचे आहे. कोलकात्याच्या मैदानावर मी एक छायाचित्र घेतले होते. पुढे हिरवळ, तीवर चरणाऱ्या शेळ्या आणि मागे झाडांआडून डोकावणारा फोर्ट विल्यमचा तट. खाली मी ओळ लिहिली : ‘मराठी फौजा पुन्हा बंगालच्या वेशीवर’. मराठी श्रोत्यांत हशा पिकला. एका बंगाली सहकाऱ्यांनी अर्थ विचारून घेतला आणि ते एवढेच म्हणाले, “आमच्याकडे या फौजांचे नाव घेऊन मुले झोपवतात.”

संदर्भ उघड होता. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांतील बारगीर बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि एका सर्वपरिचित अंगाईगीतात भयरूपाने राहिले. त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खणावयास घेतलेला ‘मराठा खंदक’ अपुराच राहिला. आजचा किल्ला तर प्लासीनंतरचा; त्याचे बांधकाम १७५८ मध्ये सुरू झाले. म्हणजे माझा विनोद इतिहासाच्या दृष्टीनेही चुकीच्या तटासमोर उभा होता.

प्रतिमेचे अनेक संभाव्य अर्थ असतात आणि सोबतचा मजकूर नांगराप्रमाणे तिला त्यांपैकी एकाशी जखडतो, असे रोलाँ बार्थ यांनी १९६४ च्या आपल्या निबंधात मांडले. विनोदी चित्रओळीबाबत या सिद्धान्ताला एक पुस्ती जोडावी लागते. ती नांगर मुद्दाम भलत्याच बंदरात टाकते, आणि मूळ बंदर ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही विसंगती जाणवते. तेव्हा प्रश्न केवळ चातुर्याचा राहत नाही. बंदर कोणाचे, हाही प्रश्न उरतो.

याच शहरात सुकुमार राय यांनी त्याचे एक उत्तर देऊन ठेवले आहे. छायाचित्रण आणि मुद्रण या दोन्ही तंत्रांचे ते जाणकार होते. ‘हेशोराम हुशियारेर डायरी’ या त्यांच्या कथेत एक संशोधक हिमालयापलीकडे अद्भुत प्राणी शोधत हिंडतो आणि त्यांना भारदस्त लॅटिन प्रत्यय लावून नावे देतो. दुर्मुखलेला प्राणी म्हणून ‘गोमडाथेरियम’. सोबत चित्रेही आहेत. येथे नाव हीच चित्रओळ. मात्र हसू प्राण्यावर थांबत नाही. नाव दिले की वस्तू कळली असे मानणाऱ्या नामकर्त्याकडे ते परतते.

मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या प्रवासवर्णनांची जातकुळी हीच आहे. शि. द. फडणीस यांच्या रेखाचित्रांसह आलेल्या ‘अपूर्वाई’त (१९६०) थट्टेचे पहिले लक्ष्य बुजलेला प्रवासी हेच आहे. पन्नाशीत शांतिनिकेतनला जाऊन बंगाली गिरवणाऱ्या या लेखकाने पुढे पुस्तकाला ‘वंगचित्रे’ (१९७४) असे नाव दिले. ‘व्यंगचित्रे’ या शब्दाला अगदी लगटून जाणारे हे शीर्षक व्यंगाचा सूर जागा करते, पण वंगाला व्यंग ठरवीत नाही. ती भाषा शिकण्याचे कष्ट घेतल्यावर आलेली ही शब्दक्रीडा आहे. माझ्या ओळीमागे असे कष्ट नव्हते.

२०२४ च्या अखेरीस या किल्ल्याचे नाव ‘विजय दुर्ग’ झाले आणि त्याचे सेंट जॉर्ज गेट ‘शिवाजी गेट’ झाले. दृश्य तेच, ओळ बदलली. मराठी वाचकाला आता देवगडजवळचा समुद्र आठवेल. बंगाली वाचकाला काय आठवेल, हे त्यालाच विचारले पाहिजे. चित्रओळीची तौलनिक कसोटी मला येथे दिसते : दृश्य ज्यांचे आहे त्यांच्या भाषेत ओळ नेल्यावर हसू कोणावर उलटते? ते लिहिणाऱ्यावर उलटत असेल, तर ओळ टिकेल. माझे छायाचित्र मी जपून ठेवले आहे. त्याखालची ओळ मात्र खोडली आहे.