चार फोटो, पण छेद कुठंय?

परतूरच्या माझ्या मावसभावाने एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर पाठवलं. "दादा, रेडिओचा कोर्स बघ ना. फीसाठी पप्पा कापूस विकणारेत." पत्रकात आरजे झालेल्या चार माजी विद्यार्थ्यांचे फोटो आणि एक चकाचक स्टुडिओ.

तुम्ही संशोधनाची तयारी करताय ना? मग हे पत्रक पुरावा म्हणून वाचून बघा.

पहिली गोष्ट, चार हा फक्त अंश आहे. छेद कुठंय? इतक्या वर्षांत चाळीस जण शिकले की चारशे? जे टिकले तेवढेच दिसतात, बाकीचे फोटोत नसतात. यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. पत्रक खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतं.

दुसरी, स्टुडिओ बघू नका, वेळ मोजा. वर्गात 30 जण आणि आठवड्याला एक तासाचा कार्यक्रम असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. संस्थेचं स्वतःचं केंद्र असेल तर चित्र बदलू शकतं. पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' 107.4 एफएम आहे तसं. पण सामुदायिक रेडिओला साधारण 100 वॅटचीच मर्यादा असते, म्हणजे आवाज फार तर दहा-बारा किलोमीटर जातो. जालन्यात बसून पारख होणार नाही, तिथं जावंच लागेल. आणि माइकसमोर विद्यार्थी बसतात की पगारी माणसं, तेही विचारा.

तिसरी, व्याख्या. पत्रकात 'रेडिओ पत्रकारिता' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. पण आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच घ्याव्या लागतात. म्हणजे बातम्याच करायच्या असतील तर रेडिओत मुख्य दार आकाशवाणीचं. गाणी-गप्पा करायच्या असतील तर कोर्स वेगळा हवा. 'रेडिओत करिअर' म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय तुलना कशाची करणार?

हे तीन प्रश्न मी भावाला पाठवले. त्याने कॉलेजात फोन केला. "तशी आकडेवारी ठेवत नाही," असं उत्तर मिळालं. आता तो स्वतः जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलणार आहे.

मी म्हटलं, जा. पण तीही टिकलेलीच मुलं आहेत. कोर्स सोडून गेलेला एक तरी शोध. कापूस विकायचा तो त्यानंतर.