हॉथॉर्नची प्रचारपुस्तिका

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की उमेदवारांची स्वस्त चरित्रे छापली जात. बहुतेक निव्वळ भाटगिरी. वाङ्मय म्हणून त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. परंतु १८५२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या फ्रँकलिन पिअर्सचे असे चरित्र लिहिले ते नॅथॅनिएल हॉथॉर्नने, ‘द स्कार्लेट लेटर’च्या कर्त्याने. दोघे बोडन कॉलेजातील स्नेही.

पिअर्सच्या बालपणाची, मेक्सिकोच्या युद्धातील कामगिरीची पाने गुळगुळीत आणि निरुपद्रवी आहेत. गुलामगिरीचा प्रश्न आला की मात्र वाचक थबकतो. हा अनर्थ मानवी उपायांनी दूर होणारा नव्हे, ईश्वरी योजनेने यथाकाल तो आपोआप विरून जाईल, असा तेथील आशय आहे. पूर्वजांचे पाप वंशजांना कसे छळते हे ज्याने आदल्याच वर्षी ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’मध्ये दाखविले, त्याने बत्तीस लाख गुलामांना काळाच्या हवाली करावे?

पिअर्स निवडून आला आणि १८५३ साली हॉथॉर्नची लिव्हरपूल येथे वकिलातीवर नेमणूक झाली. तरीही त्याने मत विकले असे मला वाटत नाही. ते मत त्याचे स्वतःचेच होते. म्हणून ही पुस्तिका त्याच्या वाङ्मयाच्या परिशिष्टात ढकलणे मला मान्य नाही.