दोन परखड कान

योहानेस ब्राम्सच्या एफ मायनर पियानो क्विंटेटची, म्हणजे ओपस ३४ची, सुरुवात दबक्या आवाजात होते. पहिलं व्हायोलिन, चेलो आणि पियानो तिघंही एकच सुरावट वाजवतात, खाली कॉर्डचा आधार नाही. सुरावट चढते, रेंगाळते, थांबते. ती थांबते न थांबते तोच पियानोवर जलद स्वरांची सर कोसळते आणि वरून गजाचे आघात पडू लागतात. नीट कान दिला तर लक्षात येतं, की ही सर म्हणजे मघाचीच सुरावट आहे, फक्त चढ्या लयीतली. जे आता एवढं अटळ वाटतं, ते मुळात या वाद्यांसाठी लिहिलेलंच नव्हतं.

१८६२ साली ही रचना पाच तंतुवाद्यांसाठी लिहिली गेली : दोन व्हायोलिन, एक व्हायोला, दोन चेलो. शूबर्टच्या सी मेजर क्विंटेटमध्ये हीच जोडणी आहे. ब्राम्स तेव्हा २९ वर्षांचा होता. त्याने स्वरलिपी पाठवली ती क्लारा शूमान आणि योझेफ योआखिम यांना. दोघांची ख्याती वादक म्हणून, ती पियानोवर आणि तो व्हायोलिनवर. पण दोघंही संगीतकार होते. क्लाराचं पियानो ट्रिओ १८४६चं. योआखिमने आपला हंगेरियन कॉन्चेर्टो ब्राम्सलाच अर्पण केला होता. १८५६मध्ये ब्राम्स आणि योआखिम यांनी काउंटरपॉइंटचे स्वाध्याय टपालाने एकमेकांना पाठवायचे आणि तपासायचे, असा नेम धरला होता. ठरल्या दिवशी पाकीट पाठवलं नाही तर एक थालर दंड, आणि त्या पैशातून दुसऱ्याने पुस्तकं घ्यायची! एकमेकांच्या वहीत खुणा करायची सवय अशी आधीपासूनची होती.

क्लाराने पहिले भाग पाहिले आणि ती हरखून गेली. योआखिमनेही रचनेची थोरवी मान्य केली. पण त्याने ती प्रत्यक्ष वाजवून पाहिली, आणि अडचण तिथेच निघाली. विचार भक्कम, बांधणी भक्कम, पण नादात गोडवा कमी. फार जोर लावून वाजवल्याशिवाय ते स्पष्ट उमटत नाही, असं त्याने कळवलं. ब्राम्सने तेच संगीत दोन पियानोंचा सोनाटा म्हणून लिहिलं आणि १८६४च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नात पियानोवादक कार्ल टाउसिगबरोबर जाहीरपणे वाजवलं. त्या उन्हाळ्यात क्लाराने वाद्यवृंद-संचालक हर्मान लेव्हीबरोबर ते वाजवून पाहिलं आणि पत्र लिहिलं. रचना अप्रतिम आहे, पण हा सोनाटा नव्हे. यातल्या कल्पना अख्ख्या ऑर्केस्ट्रावर उधळाव्यात अशा आहेत, पियानोवर त्यातल्या किती तरी हरवतात. कृपा करून पुन्हा एकदा हात घाल, असा त्या पत्राचा आशय.

मला या दोन अभिप्रायांचं फार अप्रूप वाटतं. तंतुवाद्यांवर हे भागत नाही, असं व्हायोलिनवादक सांगतो. पियानोवर भागत नाही, असं पियानोवादक सांगते. आपल्या वाद्याची बाजू कुणीच घेतली नाही. हात त्या वाद्यावर मुरलेला असल्यामुळेच त्याची मर्यादा त्यांना बोटांत जाणवली. आणि दोघांनीही सुरावटीला हात लावला नाही. हा भाग काढ, तो लांबव, असलं काही सांगितलं नाही. संगीताला त्याचा योग्य आवाज अजून सापडलेला नाही, एवढंच सांगितलं. मित्राच्या कामावर दिलेला यापेक्षा नेमका अभिप्राय मला माहीत नाही.

ब्राम्सने याचं उत्तर पियानो आणि चार तंतुवाद्यं एकत्र आणून दिलं. ते तिसऱ्या भागात, स्केर्त्सोत, सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. चेलोवर एकच खालचा सी पुन्हा पुन्हा छेडला जातो. गज नाही, नुसतं बोट. त्या एका स्वरावर व्हायोलिन आणि व्हायोला तालाला आडवी जाणारी सुरावट घेऊन वर सरकतात. अंगावर काटा येतो तो त्या छेडलेल्या तारेमुळे. दोन पियानोंच्या आवृत्तीत हाच सी हातोडीचा आघात होऊन येतो. स्वर तोच, पण धडधड जाते. पुढे तीच सुरावट सी मेजरमध्ये मिरवणुकीसारखी उसळते. तिथे मात्र पियानोची पूर्ण ताकद हवीच. पाच तंतुवाद्यांनी कितीही जोर लावला तरी तो दणका निघणार नाही. योआखिम आणि क्लारा, दोघांच्याही तक्रारींचं निवारण या एका भागात झालं आहे. भागाच्या शेवटी डी फ्लॅट पुन्हा पुन्हा सीवर आदळतो. शूबर्टच्या त्या क्विंटेटचा शेवट ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे ऋण लगेच ओळखू येईल.

दुसऱ्या भागात ब्राम्सने अपेक्षा उलटवली आहे. गाणं गजाच्या वाद्यांकडे आणि साथ पियानोकडे, ही सोपी वाटणी. इथे पियानो गातो आणि तंतुवाद्यं तालाच्या मधल्या जागांवर हलके स्वर ठेवत राहतात. दोन पियानोंवर गाणं आणि साथ एकाच रंगात येतात आणि एकमेकांत मिसळून जातात. इथे दोन्ही वेगळी राहतात, म्हणून त्या संथ चालीतला ओलावा टिकतो. शेवटच्या भागाची अंधारी, चाचपडत चालणारी प्रस्तावनाही गजाच्या लांब स्वरांशिवाय मला कल्पनेत आणता येत नाही.

क्विंटेट १८६४च्या शरदात पुरं झालं आणि १८६५मध्ये छापलं गेलं. १८२८नंतर, म्हणजे शूबर्टच्या मृत्यूच्या वर्षानंतर, चेंबर संगीतात असं काही झालं नव्हतं, असं लेव्हीने ब्राम्सला लिहिलं. मला ते अतिशयोक्तीचं वाटत नाही. तंतुवाद्यांची मूळ संहिता ब्राम्सने नष्ट केली. दोन पियानोंची आवृत्ती मात्र त्याने ओपस ३४ ब म्हणून प्रसिद्ध केली, आणि तिची ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. वेळ काढून आधी ३४ बचा स्केर्त्सो ऐका, मग लगेच क्विंटेटमधला. क्लाराच्या पत्राचा अर्थ तुम्हाला तुमच्याच कानांनी कळेल.