जुनेपणाचा दाखला

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयास गेल्या वर्षी एका दिवंगत सभासदांचा इंग्रजी ग्रंथसंग्रह त्यांच्या कुटुंबीयांकडून भेट मिळाला. निवृत्त माणसाजवळ वेळ असतो या समजुतीने दाखल-नोंदवहीत पुस्तके चढवण्याचे काम माझ्याकडे आले. इतिहास, चरित्र, प्रवास असे ढीग लावता लावता तीन पुस्तके हातात राहिली : मार्गारेट मरे यांचे ‘द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप’ (१९२१), जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ (१९५४) आणि रोनाल्ड हट्टन यांचे ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ (१९९९). आमच्या ग्रंथपालबाईंनी नावे पाहून निकाल दिला, “काका, तिन्ही ‘भूतप्रेत व जादूटोणा’त टाका.” मला तो निकाल पटेना, पण का पटत नाही हेही सांगता येईना. म्हणून पुस्तके घरी नेली आणि ती लिहिली गेली त्या क्रमाने वाचली. त्या वाचनाचा हिशेब येथे देत आहे.

तिन्ही ग्रंथांचा संबंध आज ‘विक्का’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथाशी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात प्रकट झालेला हा निसर्गपूजक पंथ एक देवी आणि एक शिंगधारी देव मानतो. देवीचे नाते चंद्राशी व पृथ्वीशी, देवाचे अरण्याशी, शिकारीशी व मृत्यूशी. वर्षात आठ सण येतात. दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार दिवस, ज्यांत ३१ ऑक्टोबरचा सण मोठा. पौर्णिमेची बैठक निराळी. पंथाला देऊळ नाही. जमिनीवर वर्तुळ आखून चार दिशांना आवाहन करायचे. सुरी, छडी, पेला आणि पंचकोनी तारा कोरलेली तबकडी ही उपकरणे. दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात, आणि दीक्षित आपल्या हाताने गुरूच्या वहीवरून विधी उतरवून घेतो. गार्डनर यांच्या परंपरेत हे विधी विवस्त्र होतात, आणि त्यासाठी रूढ असलेला ‘स्कायक्लॅड’ हा शब्द म्हणजे अक्षरशः आपला ‘दिगंबर’. कोणास इजा होत नसेल तर मनाप्रमाणे वागावे, एवढेच नीतिसूत्र. केलेले बरेवाईट तिपटीने परत येते असे पुष्कळ अनुयायी मानतात, आणि पुनर्जन्मही मानतात. सैतानाला येथे जागा नाही. तो ख्रिस्ती धर्माचा, त्याचे यांना देणेघेणे नाही.

‘दिगंबर’, कर्मफळ आणि पुनर्जन्म हे शब्द कानी पडताच ‘हे सारे आपल्याकडूनच गेले’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. थोडेफार आपल्याकडून गेले असेलही, पण कुठून आले हा प्रश्न पुराव्याचा आहे, अभिमानाचा नव्हे. या तिन्ही पुस्तकांची खरी कहाणी नेमकी याच मोहाची आहे.

गार्डनर यांच्याविषयी मला आरंभी थोडी आपुलकी वाटली हे मान्य केले पाहिजे. हे गृहस्थ १८८४ साली जन्मले, तरुणपणी सिलोनच्या चहामळ्यात आले, पुढे मलायात रबर-निरीक्षक व मग सीमाशुल्क खात्याचे अधिकारी झाले. मलायी क्रिस या शस्त्रावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि १९३६ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले. निवृत्त अधिकाऱ्याच्या हाती एखादा विषय लागला की तो त्याचे काय करतो, हे मी स्वतःवरून जाणतो. गार्डनर यांनी पंथ काढला. त्यांनी सांगितले मात्र असे की त्यांनी काही काढले नाही. इंग्लंडच्या दक्षिणेस न्यू फॉरेस्ट परिसरात ख्रिस्तपूर्व धर्म गुप्तपणे पाळणारी एक मंडळी त्यांना भेटली, १९३९ साली त्यांनी त्यांना दीक्षा दिली, आणि मरणपंथास लागलेल्या या धर्माची शेवटची हकीकत ते जगापुढे ठेवीत आहेत. १७३५ चा जादूटोण्याविषयीचा कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि तीन वर्षांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. लेखनाच्या दृष्टीने पुस्तक विस्कळीत आहे. लेखक एका वाक्यात मानववंशशास्त्रज्ञ असतो, दुसऱ्यात वकील आणि तिसऱ्यात भक्त. पण त्यात एक गोडवा आहे : नाचावे, हसावे, देवांनी भ्यायला लावू नये, ही त्या माणसाची आस खरी वाटते.

या पुस्तकाला प्रस्तावना मार्गारेट मरे यांची आहे. मरेबाईंचा जन्म १८६३ सालचा, कलकत्त्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील इजिप्तविद्येच्या त्या नामांकित अभ्यासक. स्त्रियांना विद्यापीठात उभे राहायला जागा नव्हती त्या काळात त्यांनी जागा करून घेतली, म्हणून त्यांच्याविषयी आदर वाटतो. त्यांचा १९२१ चा सिद्धान्त असा : युरोपात ‘विच’ ठरवून ज्यांना मारले त्या व्यक्ती खरोखरच एका प्राचीन, सुसंघटित धर्माच्या अनुयायी होत्या. तेरा जणांच्या मंडळ्या असत. ज्याला न्यायाधीश सैतान म्हणत, तो शिंगांचा मुखवटा घातलेला पुरोहित असे. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त ‘विचक्राफ्ट’वरचा लेख १९२९ पासून कित्येक वर्षे त्यांचाच होता, त्यामुळे सामान्य वाचकाला हा सिद्धान्त म्हणजे सिद्ध झालेले सत्यच वाटले. गार्डनर यांना दीक्षा कोणीही दिलेली असो, वंशावळ त्यांना या पुस्तकातून मिळाली.

आता माझा मुख्य आक्षेप मांडतो. मरेबाईंचा सारा पुरावा खटल्यांतील कबुलीजबाबांवर उभा आहे. उदाहरणार्थ, स्कॉटलंडातील इझोबेल गाउडी हिने १६६२ साली चार जबान्या दिल्या. तेराच्या मंडळीचा उल्लेख तीत आहे. पण त्याच जबान्यांत ती गवताच्या काडीवर बसून उडते आणि सशाचे रूपही घेते. मग तेराचा आकडा खरा आणि ससा खोटा, हे कोणी ठरवले? नॉर्मन कोन यांनी ‘युरोप्स इनर डेमन्स’ (१९७५) या ग्रंथात मरेबाईंचे उतारे मूळ कागदांशी ताडून पाहिले, तेव्हा अशक्य तेवढा मजकूर गाळून शक्य तेवढा ठेवल्याचे दिसून आले. उतारा असा घ्यायचा ठरवला तर कोणत्याही मिसलीतून काहीही सिद्ध करता येते.

दोष केवळ पद्धतीचा असता तर विद्वानांनी तो निस्तरला असता. पण मरेबाईंना पीडितांविषयी सहानुभूती असूनही त्यांचा निष्कर्ष पीडकांच्या बाजूने जातो. गुप्त संघटना खरीच होती, रात्रीच्या सभा खऱ्याच होत्या, असे म्हटले की न्यायाधीशांची चूक एवढीच उरते की त्यांनी एका देवाला सैतान समजले. मूळ आरोप मग खराच ठरतो. आजचे इतिहासकार साधारण १४५० ते १७५० या काळातील बळींची संख्या चाळीस ते साठ हजार मानतात. (पंथाच्या साहित्यात वारंवार येणारा नव्वद लाखांचा आकडा अठराव्या शतकातील एका जर्मन लेखकाने आपल्या गावच्या कागदांवरून त्रैराशिक मांडून काढला होता.) त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांनी स्वतःला ‘विच’ म्हणवले नव्हते. बहुतेक जणी आपल्या शेजाऱ्यांसारख्याच ख्रिस्ती होत्या. ते नाव त्यांच्यावर लादले गेले.

हे मला पुस्तकांआधी नोकरीने शिकवले. १९८० च्या दशकात मी झाबुआ जिल्ह्यात तहसीलदार होतो. एक भिल्ल विधवा जमिनीच्या नकलेसाठी आली होती. तिच्या हातावरचे वळ पाहून मी चौकशी केली. दिराचे मूल तापाने गेले होते आणि बडव्याने तिला डाकण ठरवले होते. नवऱ्याच्या वाट्याची जमीन तिच्या नावे होती हे सांगायला नकोच. मी तिचा जबाब घेऊ लागलो. तू काही केलेस का, या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सगळे म्हणतात साहेब, तर असेनही.” ते वाक्य मी कागदावर उतरवले नाही. नियमाने पाहता जबाब जसाच्या तसा घ्यायला हवा होता, आणि ती रुखरुख मला काही वर्षे होती. मरेबाईंचे पुस्तक वाचताना ती गेली. धाकाने किंवा आमिषाने घेतलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही, हे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे चोविसावे कलम माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांना पाठ होते. ते वाक्य मी उतरवले असते तर पुढेमागे एखाद्या सहृदय संशोधकाने त्यावरून झाबुआत प्राचीन डाकण-धर्म शोधून काढला असता.

हट्टन यांचा ग्रंथ या पार्श्वभूमीवर वाचावा. हे ब्रिस्टल विद्यापीठाचे इतिहासकार, जन्म १९५३ चा, आपल्या उटकमंडचा. त्यांच्या पहिल्या भागातील प्रकरणांची रचनाच पाहण्यासारखी आहे : भाषेचा शोध, देवीचा शोध, देवाचा शोध, संघटनेचा शोध. पंथाचा एकेक अवयव कोठून आला हे ते कागदोपत्री दाखवतात. चंद्र व हिरवी धरती यांच्याशी एकरूप झालेली देवी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कवितेने घडवली. शिंगांचा पॅन देव त्याच काळात इतका लोकप्रिय झाला की १९०८ च्या ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या पुस्तकातही तो दर्शन देतो. तीन पायऱ्यांची दीक्षा फ्रीमेसन मंडळींच्या वळणाची. वर्तुळ व सुरी जुन्या मंत्रविद्येच्या पोथ्यांतली. काही उतारे तर अलेस्टर क्रौली या तांत्रिकाचे. ते गार्डनर यांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांनीच ओळखले, आणि ‘तुला याहून चांगले जमत असेल तर लिही’ असे आव्हान मिळताच त्यांनी ते नव्याने लिहून काढले. आज जगभर म्हटल्या जाणाऱ्या देवीच्या आज्ञेचे गद्य त्यांच्या लेखणीचे आहे. विधीच्या वहीचे ‘बुक ऑफ शॅडोज’ हे नावही गार्डनर यांनी १९४९ च्या एका नियतकालिकातील लेखावरून घेतले असावे, असा तर्क त्यांनीच केला. त्या लेखाचा विषय होता माणसाच्या सावलीवरून भविष्य सांगणारा एक कथित संस्कृत ग्रंथ! न्यू फॉरेस्टच्या मंडळीविषयी पुढील संशोधकांनी एवढे दाखवले की त्या भागात गूढविद्येचा नाद असलेले एक वर्तुळ होते. अ‍ॅनी बेझंट यांच्या कन्याही त्या परिसरातील अशाच एका संस्थेत होत्या. पण ते वर्तुळ विसाव्या शतकाहून जुने असल्याचा पुरावा नाही.

हट्टन यांचे मोठेपण असे की दाखला खोटा ठरवल्यावर ते दाखला आणणाऱ्याची टवाळी करीत नाहीत. पंथ नवा आहे, पण तो इंग्लंडच्या स्वतःच्या मातीतला, तिथल्या कवितेतून व लोकाचारातून उभा राहिलेला धर्म आहे, असे ते म्हणतात. त्याहून आश्चर्य असे की काहींनी रोष धरला तरी पुष्कळ अनुयायांनी हे स्वीकारले. वंशावळ गेली आणि उपासना राहिली. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे तेरा हजार लोकांनी आपला धर्म ‘विक्का’ असा लिहिला.

तरीही या ग्रंथाविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की मंत्राने खरोखर काही घडते का, या प्रश्नाला हट्टन अतिशय सभ्यपणे बगल देतात. इतिहासकाराचे ते काम नव्हे असे ते म्हणतील. पण मंत्राने भले होते असे मानणाऱ्यास मंत्राने वाईट होते असे मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि त्या दुसऱ्या समजुतीनेच माणसे मारली गेली आहेत. दुसरी तक्रार शब्दाविषयीची. सुशिक्षित माणूस सुरक्षित दिवाणखान्यात ‘मी विच आहे’ असे स्वखुशीने म्हणतो, आणि गावकुसाबाहेरच्या बाईला तेच नाव दगडांसह मिळते. या दोहोंतील अंतर या ग्रंथात पुरेसे जाणवत नाही. ‘द विच’ (२०१७) या पुढच्या ग्रंथात हट्टन यांनी ही उणीव जगभरची उदाहरणे घेऊन बरीच भरून काढली, हे नोंदवणे न्याय्य होईल.

आपण जुन्या वसाहतीतली मराठी घरे. आपले घराणे मल्हाररावांच्या पागेपर्यंत नेऊन भिडवण्याची हौस इंदुरात कोणाला नाही? माझ्या आजोबांनाही होती. कागद पाहता आमचे मूळ पुरुष त्यानंतर शंभर वर्षांनी कारकुनीसाठी आल्याचे दिसते. त्यामुळे आमच्या घरच्या गणपतीत काही उणे आले नाही. जुनेपणा हा श्रद्धेचा दाखला नव्हे. मात्र जुनेपणासाठी दुसऱ्याच्या मरणावर वारसा सांगू नये, ही अट मी घालीन. गार्डनर यांच्या पुस्तकाला ती लावली तर ते उणे पडते.

शेवटी नोंदवहीत गार्डनर यांचे पुस्तक ‘धर्म व तत्त्वज्ञान’ विभागात चढवले. मरेबाईंचे ‘इतिहास’ विभागात, हट्टन यांच्या लगत, म्हणजे एक काढताना दुसरे दिसेल. ‘भूतप्रेत व जादूटोणा’त एकही गेले नाही. ग्रंथपालबाईंनी शेरा या रकान्यात मराठी विषयनाम मागितले आणि ‘चेटकीण’ सुचवले. मी ‘विच’ एवढेच देवनागरीत लिहिले. चेटकीण हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत बायांसाठी वापरला जातो.