पाहणी दौऱ्याचं परीक्षण कसं करावं?

आजचा विषय तसा रोजच्या बातम्यांतला आहे, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. पूर येतो, दरड कोसळते, भूकंप होतो आणि पाठोपाठ पुढारी येतात. आपल्याकडे याला एक ठरलेला शब्द आहे, 'पाहणी दौरा'. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छत्री धरायला दुसराच कोणी तरी, समोर हात जोडलेली एखादी म्हातारी आणि मागे जिल्हाधिकारी. हे छायाचित्र आपण इतक्यांदा पाहिलंय, की गावाचं नाव झाकलं तर साल ओळखता येणार नाही.

या दौऱ्यांवर आपण सगळेच टीका करतो. आम्हीही करतो. पण आज त्या टीकेचीच जरा तपासणी करायची आहे. नाटकाची समीक्षा लिहिणाऱ्यानं संहिता वाचलीच नाही आणि नटाच्या कपड्यांवर दोन रकाने भरले, तर आपण त्याला काय म्हणू? दौऱ्यांच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा तेच करतो असं आम्हाला वाटतं. आणि त्याची किंमत पुढाऱ्याला फारशी मोजावी लागत नाही, ज्याचं घर वाहून गेलंय त्याला मोजावी लागते.

ऑगस्ट २०१९ घ्या. सांगली, कोल्हापूर पाण्याखाली. तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन बोटीतून पाहणी करत होते आणि त्या बोटीत हसत हात हलवतानाचा त्यांचा व्हिडिओ बाहेर आला. महाराष्ट्र संतापला, आणि संताप योग्यच होता. माणसं छपरावर बसलेली असताना कॅमेऱ्याकडे बघून हसायचं नसतं, हे कुणाला शिकवायला लागू नये. पण त्याच पुरात दुसरी एक बोट होती. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात बसली होती, कारण दुसरी बोट कधी येईल याची खात्री कुणालाच नव्हती. सतरा जण गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं.

आता स्वतःलाच विचारा, या दोन बोटींपैकी जास्त लक्षात कुठली आहे? व्हिडिओवर आठवडाभर चर्चा झाल्या. नदीकाठच्या किती गावांत किती बोटी होत्या, त्या कुणाच्या ताब्यात होत्या, २००५ला याच भागानं महापूर पाहिलेला असताना मधल्या चौदा वर्षांत त्यांची कुणी मोजदाद केली होती का, हे प्रश्न आले आणि विरून गेले. त्याच दिवसांत मोफत धान्यासाठी दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट घालणारा शासन निर्णय निघाला. दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. त्यावर लोक चिडले ते बरं झालं, कारण तो निदान कागदावरचा, बदलता येण्यासारखा राग होता. हसण्यावरच्या रागानं काय बदललं? एवढंच, की पुढच्या वेळी मंत्री हसले नाहीत.

हे आम्ही उपहासानं म्हणत नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. गडाच्या कुशीतली वाडी, गाडीरस्ता नाही, भर पावसात चढून जायचं. तिथे रात्रीच पोचलेल्या पहिल्या मंत्र्यांचं नाव गिरीश महाजन. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदेही चिखलातून चालत वर गेले. कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. ती चढण सोपी नाही, मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक जवान त्याच चढावर हृदयविकारानं गेला. म्हणजे चार वर्षांत एकाच माणसाला आपण एकदा नापास केलं आणि एकदा पास केलं. दोन्ही वेळा पेपर एकच होता, चेहरा आणि पायपीट.

इर्शाळवाडीचा खरा पेपर वेगळा होता. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं. हे सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. बरं, या याद्यांवर जोर आला कधी? ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, तेव्हापासून. माळीणची गोष्ट आठवत असेल, नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथेही झाडून सगळे आले. त्यानंतर नऊ वर्षं याद्या होत राहिल्या आणि एक आख्खी ठाकरवाडी त्यांतून सुटली. का सुटली? यादी कोण करतं, सह्याद्रीच्या उतारावरच्या वाडीत प्रत्यक्ष कोण जातं, की नकाशावर बोट ठेवून काम भागतं? 'मुख्यमंत्री किती तास चालले' याला जेवढी जागा मिळाली, तिच्या चौथाईही या प्रश्नाला मिळाली नाही. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते, ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली. वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत गेली आणि वर्ष उलटलं तरी तिथेच होती. उन्हाळ्यात पत्र्याच्या कंटेनरमध्ये काय होतं ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या उन्हाळ्यात पाहणी दौरा कोण काढतो!

माळीणचं पुढचंही सांगून टाकतो. २०१७च्या एप्रिलमध्ये नव्या गावातली घरं समारंभानं दिली गेली. पहिल्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले, भराव सुटले. समारंभ आणि पहिला पाऊस यांत जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं अंतर.

मग प्रश्न येतो, पुढाऱ्यांनी जाऊच नये का?

यावर २०२१मध्ये महाराष्ट्रात एक चांगला वाद झाला होता, तो लवकर विसरला गेला. २२ जुलैला चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळियेवर दरड आली. त्यानंतर नेत्यांची रीघ लागली तेव्हा शरद पवारांनी जाहीर विनंती केली, की ज्यांचा कामाशी थेट संबंध नाही त्यांनी दौरे टाळावेत. सगळी यंत्रणा त्यांच्यामागे फिरते. दाखला त्यांनी किल्लारीचा दिला. १९९३च्या भूकंपानंतर पंतप्रधान नरसिंह राव यायला निघाले होते, मुख्यमंत्री असलेल्या पवारांनी त्यांना दहा दिवस येऊ नका अशी विनंती केली आणि रावांनी ती ऐकली, असं पवार सांगतात. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीसांचं म्हणणं उलट होतं. दौऱ्यांमुळे यंत्रणा जागी होते, लोकांना मन मोकळं करता येतं.

आमच्या मते दोघांचंही बरोबर आहे, पण वेगवेगळ्या माणसांबद्दल. ज्याच्या सहीनं तिजोरी उघडते त्यानं लवकर जावं आणि जागेवर निर्णय द्यावा. विरोधकानं जावं ते ऐकायला, म्हणजे सभागृहात त्याला नेमकं बोलता येईल. उरलेले जे येतात, ते गर्दीत भर घालतात. तहसीलदार आणि तलाठी या लोकांनी पंचनाम्याला निघायचं, तर ते हेलिपॅडवर चुना मारून घेत असतात. अधिकाऱ्यांना विचारलंत तर खाजगीत हेच सांगतील.

सांत्वनाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर आम्ही कोरडे ठरू. आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं तर भेटायला जातात. काही बोलता आलं नाही तरी जाऊन बसतात. न जाणं लक्षात राहतं, पिढ्यानपिढ्या राहतं. पुढारी आला नाही म्हणून गाव रागावतं त्यामागे ही रीत आहे आणि तिला ढोंग म्हणायची आमची तयारी नाही. फक्त भेटायला जाणारा माणूस सोबत फोटोग्राफर नेत नाही आणि नेलेल्या शिध्यावर स्वतःचा फोटो चिकटवत नाही. २०१९ला धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे स्टिकर होते, २०२५ला मराठवाड्याच्या पुरात मदतीच्या पिशव्यांवर शिवसेनेच्या नेत्यांचे फोटो होते. दोन्ही वेळा ओरड झाली, तरी गोंद काही सुटत नाही.

किल्लारीकडे परत येऊ, कारण तिथे दौऱ्याची कसोटी नीट दिसते. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि मुख्यमंत्री त्याच सकाळी तिथे होते. या एका गोष्टीवर पवारांची आपत्तीतला नेता ही प्रतिमा तीस वर्षं उभी आहे. प्रतिमा खोटी नाही, पण ती अर्धी आहे. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यामुळे खरा प्रश्न पुढची घरं कशी, हा होता. जागतिक बँकेची मदत घेऊन मोठा कार्यक्रम आखला गेला, ५२ गावं नव्या जागी वसवली. ते झालं, आणि देशात त्याचा दाखला दिला जातो. पण नवी गावं आखली गेली ती शहरी वसाहतीसारखी, चौकटीत, रुंद रस्त्यांची. गल्ली, पार, शेजार सगळं विस्कटलं, शेतं काहींना लांब पडली. याउलट ज्या गावांत जुनीच घरं दुरुस्त करायची होती, तिथे मालकानं पैसे घेऊन स्वतः काम करून घ्यायचं असं ठरलं, आणि गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून त्यावर लक्ष ठेवायला पुढे आल्या. आमच्या दृष्टीनं किल्लारीतली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे. तिचं कुठलंही प्रसिद्ध छायाचित्र नाही.

आता चिपळूण. २५ जुलै २०२१, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बाजारपेठेत आले. एक दुकानदार बाई रडत म्हणाल्या, आमदार-खासदारांचे दोन महिन्यांचे पगार द्या, काहीही करा, पण आम्हाला मदत करा. सोबतचे आमदार भास्कर जाधव त्यांच्यावर चढ्या आवाजात बोलले, हात उचलून बोलले. पुढे दोन दिवस तो हात, तो आवाज, माफी मागणार की नाही, हेच चाललं. वागणं उद्धट दिसत होतं, त्यात शंका नाही.

पण त्या बाई काय मागत होत्या ते कुणी ऐकलं? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष उघडून बघा. मृत्यूसाठी चार लाख आहेत, घराला आहेत, पिकाला हेक्टरी आहेत, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी सगळ्यांचे दर आहेत. दुकानातल्या बुडालेल्या मालाला रकाना नाही. चिपळूणसारखी व्यापारी पेठ बुडते तेव्हा तिथलं सगळ्यात मोठं नुकसान त्या निधीच्या हिशेबात बसतच नाही. बाईंचा आक्रोश म्हणजे एका धोरणातलं भोक होतं. ३ ऑगस्टला राज्यानं ११,५०० कोटींची मदत जाहीर केली, तीत दुकानदारांसाठी कमाल ५० हजार रुपये स्वतंत्रपणे धरावे लागले. २०१९ला सांगली-कोल्हापूरच्या छोट्या व्यापाऱ्यांसाठीही असंच करावं लागलं होतं. म्हणजे तो दौरा अगदी वाया गेला असं म्हणता येत नाही. पण लाखोंचा माल गेलेल्याला ५० हजार, आणि तेही दर महापुरात नव्यानं, त्या त्या सरकारच्या मर्जीनं! नियमातच रकाना का नाही, या प्रश्नावर तेव्हा चॅनेलवर एक तास मिळाला असता तर आम्ही जाधवांचे आभार मानले असते.

पाहणी आणि पंचनामा हे दोन शब्द म्हणूनच वेगळे ठेवायला हवेत. पाहणीत आश्वासनाची भाषा चालते, पंचनाम्यात फक्त निकषाची. बांधावर उभे राहून विरोधक म्हणतात 'ओला दुष्काळ जाहीर करा'. फाइलमध्ये असा शब्दच नाही. तिथे आहे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान, कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार. गंमत अशी, की सत्तेत असले की 'ओला दुष्काळ नियमांत नाही' आणि विरोधात गेले की 'ओला दुष्काळ हवा', हे सगळ्याच पक्षांनी म्हणून झालंय. बांधावरच्या शेतकऱ्याला दोन्ही वेळा टाळ्या वाजवायला लावलं जातं.

ऑक्टोबर २०२५मध्ये मराठवाड्याच्या पुरानंतर ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आकडा इतका मोठा, की त्यावरच वाद रंगला. त्यात एक ओळ होती, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि माती भरायला रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. ज्याच्या शेतात आता फक्त दगडगोटे उरलेत त्याच्यासाठी ही ओळ आख्ख्या पॅकेजपेक्षा मोठी आहे. रोजगार हमीचं काम कसं निघतं ते खेड्यातल्या लोकांना माहीत आहे: मागणी, मंजुरी, मस्टर, मोजमाप पुस्तिका. मृगाच्या आधी माती पडली तर पेरणी, नाही तर पुढचं वर्ष. आमदार बांधावर येईल तेव्हा त्याच्या बुटांना चिखल लागलाय का हे बघण्यापेक्षा त्याला तालुक्यात अशी किती कामं मंजूर झाली ते विचारावं. उत्तर त्याला माहीत असेल तर तो दौरा चांगला, मग तो एसी गाडीतून आलेला का असेना.

इथे थांबतो. ऐकणाऱ्यांत चिपळूणचे काही जण आहेत असं दिसतंय. दुकानांच्या पंचनाम्यांचं पुढे काय झालं, पैसे किती दिवसांनी आणि किती हातांतून आले, हे त्यांनीच सांगावं. माइक सुरू करतो.